मदत करणारे पुष्कळ होते, मागणारं कुणी नव्हतं

'ताई, मी ५८ वर्षांची, एकटी राहते. कोविडच्या पहिल्या लाटेत आमच्या इमारतीचा ग्रुप दिवसभर वाजत असायचा. सुविचार, बातम्या, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, त्यात गाणी आणि कोडी. दोन महिन्यांत सगळं ओसरलं. त्याच सुमारास दुसऱ्या मजल्यावरचे एक काका दोन दिवस तापाने फणफणत घरात एकटे पडून होते आणि कुणाला पत्ताच नव्हता. ते बरे झाले, पण अजूनही जिन्यात भेटले की म्हणतात, "ग्रुपवर सगळे होते, फोन मात्र एकाचाही आला नाही." मला ते फार लागतं, कारण मी बरोबर त्यांच्या वरच्या घरात राहते. आता कुठल्याही नव्या विषाणूची बातमी आली की इमारतीत समितीची चर्चा सुरू होते आणि मी निवृत्त, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. मी चार लोकांत बोलणारी नाही. कुणाला आपणहून फोन करायचा म्हटलं तरी मनात दहा वेळा जुळवाजुळव करते. आणि खरं सांगू? त्या दिवसांत मी स्वतः रात्ररात्र जागी असायची, पण एकाही माणसाला बोलले नाही. अशा बाईने माणसं जोडून ठेवायचं काम अंगावर घ्यावं का? घेतलं तर सुरुवात कुठून करू? लोक भोचक म्हणतील, तीही भीती आहेच.'
– एक शेजारीण

शेजारीणबाई, नमस्कार.

काम घ्या. समितीचं मात्र नको, फोनचं घ्या. समितीला अध्यक्ष लागतो, बैठका लागतात आणि बैठकीत बोलणारी माणसं लागतात. अशी माणसं प्रत्येक इमारतीत दोन-तीन तरी असतातच, त्यांची हौस त्यांना भागवू द्या. काकांच्या वेळी जे राहून गेलं ते काम समितीच्या कागदावर कुठेच येत नाही.

काका काय म्हणतात ते जरा नीट बघू. ग्रुपवर माणसं होती. कुणी त्यांच्या दाराशी औषध ठेवायला नकार दिला असता, असं मला वाटत नाही. म्हणजे मदतीची तयारी होती, माणसं होती, फोनही होते. घोडं अडलं ते एवढ्यावरच, की काकांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

हे फक्त तुमच्या इमारतीत झालं असं समजू नका. मार्च २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने घरात अडकलेल्या लोकांसाठी अडीच लाख स्वयंसेवक हवेत, असं आवाहन केलं. काही दिवसांत साडेसात लाख लोकांनी नावं दिली, इतकी की नोंदणी मध्येच थांबवावी लागली. आणि मग त्यातले कित्येक जण फोन हातात धरून आठवडेच्या आठवडे वाट बघत बसले, काम आलंच नाही. त्या देशात अडचणीतली माणसं नव्हती असं थोडंच आहे! मदत करायला निघालेला माणूस आणि मदत हवी असलेला माणूस यांची गाठ पडत नव्हती. महामारीत मदतीची इच्छा भरपूर असते, मागायला मात्र जीभ रेटत नाही.

का रेटत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तुम्ही रात्ररात्र जागलात आणि बोलला नाहीत. 'आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत कितीतरी आहेत, आपलं काय रडगाणं गायचं' हे एक कारण. आपलं ओझं दुसऱ्यावर कशाला, हे दुसरं. आणि २०२० मध्ये तिसरंही होतं, त्याबद्दल लोक आजही मोकळेपणाने बोलत नाहीत: घरात रुग्ण आहे हे कळलं की शेजारी दारावरून जाताना अंग चोरायचे. ताप आला हे सांगणं म्हणजे आपल्या हाताने स्वतःवर शिक्का मारून घेणं. काका गप्प राहिले असतील तर त्यात या भीतीचाही वाटा असणार.

आता तुमच्या उपयोगाची गोष्ट. फेब्रुवारी २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात विलगीकरणात राहिलेल्या लोकांवरच्या २४ अभ्यासांचा आढावा आला होता. कोविडच्या आधीच्या साथींमधले अभ्यास, सार्स, इबोला वगैरे. या लोकांना कशाने पोखरलं? लांबलेले दिवस, लागण होण्याची धास्ती आणि कंटाळा तर होताच. पण त्याच यादीत घरातलं सामान संपणं, धड माहिती न मिळणं, पैशाची ओढाताण आणि लोकांनी वाळीत टाकल्यासारखं वागणंही होतं. म्हणजे ज्याला आपण मनाचं दुखणं म्हणतो त्याचा बराचसा भाग औषधाची चिठ्ठी, भरायची बिलं आणि 'आता मला बाहेर पडता येईल का?' या प्रश्नाचं सरळ उत्तर, यांत अडकलेला असतो. त्यासाठी गोड बोलता यायला लागत नाही. तुम्हाला जमेल असंच हे काम आहे.

एक वाक्य मात्र आजपासून बंद करा: 'काही लागलं तर सांगा हं.' आपण ते मनापासून म्हणतो. पण त्याने सगळं काम आजारी माणसाच्या गळ्यात पडतं. आपल्याला काय लागतंय ते त्यानेच ठरवायचं, ते मागण्याइतकं मोठं आहे का ते त्यानेच तोलायचं, कुणाला सांगायचं ते निवडायचं आणि वर ओशाळंही व्हायचं. त्या मार्च महिन्यातच ब्रिटनमध्ये एक साधं छापील कार्ड दारोदार टाकलं जात होतं. वर स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर, खाली 'तुम्ही विलगीकरणात असाल तर मी यात मदत करू शकते' असं लिहून चार चौकोन: खरेदी, टपाल, तातडीचं सामान आणि चौथा चौकोन नुसता फोनवर गप्पांचा. मला तो चौथा चौकोन फार आवडतो. एकटं वाटतंय हे तोंडाने सांगणं जड जातं, पण सामानाच्या ओळीतच तेही छापलेलं असलं की तेही आपलं एक सामानच होऊन जातं. असं कार्ड तुम्ही हाताने लिहा, आताच, साथ नसताना. साथीत दाराखालून आलेला अनोळखी कागद लोक उचलतीलच असं नाही. आता दिलेला कागद फ्रिजवर लागतो.

आता फोनकडे येते, कारण तुमची खरी धास्ती तिथे आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत टेक्सासमध्ये एक प्रयोग झाला. घरपोच जेवणाच्या योजनेतल्या २४० जणांपैकी निम्म्यांना चार आठवडे फोन करायचे, बाकीच्यांना नाही. फोन करणारे कुणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. १७ ते २३ वयाची सोळा मुलंमुली, त्यांना समोरच्याचं नीट ऐकून घ्यायचं थोडकं शिक्षण दिलेलं. प्रत्येकाकडे सहा ते नऊ माणसं. पहिले पाच दिवस रोज फोन, तोही समोरच्याने सांगितलेल्या वेळी. पुढे आठवड्यातून किती वेळा करायचा हेही समोरच्यानेच ठरवायचं, फक्त दोनपेक्षा कमी नाही. महिन्याअखेरीस फोन येणाऱ्यांचा एकटेपणा, उदासी आणि चिंता, तिन्ही इतरांपेक्षा कमी झालेली दिसली. सतरा वर्षांच्या पोराला जे जमलं ते तुम्हाला जमणार नाही, असं मी मानायला तयार नाही.

यातला कळीचा भाग वेळेचा आहे. येणारा फोन कधी येईल ते माहीत असणं, म्हणजे दिवसात एक खुंटी ठोकलेली असणं. मनात आलं म्हणून केलेला फोन करणाऱ्याच्या सोयीचा असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता येणारा फोन घेणाऱ्याच्या हक्काचा होतो. त्याचा दुसरा फायदा सुरक्षेचा: अकराला फोन उचलला नाही, साडेअकराला नाही, म्हणजे दाराशी जाऊन बेल वाजवायची. काकांना साथीत असा रोजचा ठरलेला फोन असता तर दोन दिवस गेले नसते, फार तर एखादी सकाळ गेली असती. तुमच्यासारख्या अबोल माणसालाही वेळ ठरलेली असणं सोपं पडतं. 'आज का बरं फोन केलात?' याला उत्तर शोधावं लागत नाही. मंगळवार आहे म्हणून केला.

आणि अवघडलेपणाचं म्हणाल तर अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायचा तर फोन करणं ईमेलपेक्षा अवघड जाईल, असं लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात फोन केलेल्यांना अवघडल्यासारखं काही जास्त वाटलं नाही आणि जवळीक मात्र लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त वाटली. भीती फोन लावेपर्यंतच असते. तुम्ही मनात जी दहा वेळा जुळवाजुळव करता तिचं एका चिठ्ठीवर रूपांतर करा आणि फोनशेजारी ठेवा:

'मी वरच्या मजल्यावरून बोलतेय. सध्या पाच मिनिटं बोलायला बरं वाटेल का?'
'काल जेवलात का नीट? झोप?'
'आज घरातलं काय संपलंय?'
'परवा अकराला पुन्हा करते.'

बास. मधल्या जागा समोरचा भरतो. नाही भरल्या तर शांत राहिलात तरी चालतं. 'कसे आहात?' हा प्रश्न मुद्दाम वगळलाय, त्याचं उत्तर 'बरा आहे' असंच येतं. काय संपलंय विचारलं की माणूस उठून डबे बघतो, आणि दोन मिनिटांनी 'तसं गोळ्याही संपत आल्यात' असं हळूच बाहेर येतं.

तीन, फार तर चार घरं घ्या. टेक्सासमधल्या मुलांना ते कामच दिलेलं होतं, तुम्हाला तुमचंही घर आहे. बाकीची घरं दुसऱ्या तिघा-चौघांनी वाटून घ्यावीत, आणि प्रत्येकाला एक बदली ठरवून ठेवावी, कारण फोन करणारी माणसंही आजारी पडतात. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांना जाहिराती द्याव्या लागल्या होत्या, की अगदी गरज असेल तरच फोन करा, कारण जोडणी करून देणाऱ्या ऑपरेटर मुलीच मोठ्या संख्येने अंथरुणाला खिळल्या आहेत.

रोजच्या व्हिडिओ कॉलबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, वाचक रागावले तरी चालेल. वाढदिवसाला, नातवंडाचं तोंड बघायला, दूरच्या आजारी माणसाला भेटल्यासारखं वाटायला तो उत्तमच. पण वीस चौकोनांमध्ये दोघं बोलतात, बाकीचे स्वतःचा चेहरा बघत बसतात. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या शिणवट्याची जी कारणं मांडली त्यात हे सतत स्वतःला बघणं एक होतं; दुसरं, इतक्या जवळून इतक्या जणांची नजर अंगावर घेणं, आणि एकाच जागी खिळून बसणं. साधा फोन कानाला लावून माणूस घरभर फिरतो, भाजी निवडतो, खिडकीत उभा राहतो. तुमचे संध्याकाळचे कॉल दोन महिन्यांत आटले ते लोकांचं प्रेम आटलं म्हणून नव्हे, लोक दमले होते. पुढच्या वेळी आठवड्यातून एकदा ठेवा.

ग्रुप बंद करू नका, त्याला काम द्या. सकाळी एकदा, एकाच माणसाने, आरोग्य खात्याची अधिकृत सूचना टाकायची. बाकी ढकललेले मेसेज नकोत. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपलाच पुनःपुन्हा पुढे ढकलले जाणारे मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील, असं बंधन घालावं लागलं होतं, यावरून काय ते समजा. आणि कोण आजारी आहे हे ग्रुपवर कधीही नाही. त्या माणसाने परवानगी दिली तर त्याच्या फोनवाल्याला आणि बदलीला माहीत असावं, तिसऱ्याला नाही. हा नियम साथ येण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा, मग लोक ताप लपवणार नाहीत.

आजारपणात आपली हद्द कुठे संपते हेही चिठ्ठीवर लिहा. बोलताना धाप लागतेय, छातीत सतत दुखतंय किंवा दाब वाटतोय, माणूस असंबद्ध बोलतोय, जागा राहू शकत नाही, ओठ किंवा नखं निळसर-राखाडी दिसताहेत: यातलं काहीही असेल तर थेट डॉक्टर किंवा रुग्णवाहिका. ग्रुपवर मतं मागवत बसायचं नाही. म्हणून प्रत्येक घराकडून आताच एक कागद घ्या: चालू असलेली औषधं, डॉक्टरांचा नंबर, जवळच्या नातेवाइकाचा नंबर आणि जादा किल्ली कुणाकडे आहे. किल्लीचा प्रश्न विचारायला सगळे विसरतात. दार आतून बंद आणि माणूस फोन उचलत नाही, ही वेळ आल्यावर तो आठवतो.

सामान पोचवणं त्या मानाने सोपं. दाराबाहेर ठेवायचं, बेल वाजवायची, मागे सरून उभं राहायचं. आणि लगेच पळायचं नाही. दार उघडलं की लांबून दोन शब्द बोलायचे. ही रीत जुनीच आहे. इंग्लंडमधल्या ईम नावाच्या गावाने १६६६ मध्ये प्लेग पसरू नये म्हणून स्वतःला कोंडून घेतलं, तेव्हा आसपासचे लोक वेशीवरच्या दगडाशी सामान ठेवून जात आणि गावकरी दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवत, असं सांगतात. ते खळगे असलेला दगड आजही तिथे आहे. गावाने दार लावून घेतलं, पण शेजाऱ्यांनी संबंध तोडला नाही.

हवेतून पसरणारी साथ असेल तर भेटायचं ते मोकळ्या हवेत. गच्चीवर, अंगणात, अंतर ठेवून, गरजेप्रमाणे मास्क लावून. बंद खोलीपेक्षा तिथे धोका बराच कमी असतो. त्या वेळचे नियम काय आहेत ते मात्र तेव्हाच पाहा, प्रत्येक साथ सारखी नसते.

एक गोष्ट उशिराची. ज्या घरात माणूस गेला, तिथे साथीत कुणी जाऊ शकत नाही, गळ्यात पडून रडता येत नाही. पहिल्या आठवड्यात फोन येतात, मग थांबतात. तुमच्या यादीत असं घर असेल तर महिन्याने, तीन महिन्यांनी फोन करा आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. नाव घेतल्याने त्यांना रडू येईल अशी भीती आपल्याला असते. त्यांना मात्र कुणी नावच घेत नाही याचं जास्त वाईट वाटत असतं.

आता तुमच्याकडे. तुम्ही पत्रात स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलंत आणि लगेच दुसऱ्यांच्या कामाकडे वळलात. तसं करू नका. यादीतलं पहिलं नाव तुमचं असू द्या, आणि तुम्हाला फोन करणारा माणूस दुसऱ्या कुणाच्या आधी ठरवा. ज्या इमारतीत मदत करणारीच आधी 'मला झोप लागत नाही हो' असं म्हणते, तिथे बाकीच्यांना मागायला लाज वाटत नाही. रात्ररात्र झोप न येणं अजूनही चालू असेल, किंवा जगणं नकोसं वाटण्यापर्यंत कधी गेलं असेल, तर ते शेजाऱ्यापाशी थांबवू नका, डॉक्टरांशी बोला.

तुम्हाला कुणी फोन करायचा? काकांनी. त्यांच्याकडे जा, स्पष्टीकरण देत बसू नका, त्या वेळी मलाही कळलं नाही एवढं एकदा म्हणा आणि सांगा, की मी एकटी राहते, मंगळवारी अकराला तुम्ही मला फोन कराल का, शुक्रवारी मी करीन. वर्षानुवर्षं 'कुणी फोन केला नाही' म्हणणाऱ्या माणसाला सहानुभूतीपेक्षा हे काम जास्त मानवेल, असा माझा अंदाज आहे. फोन न येण्याचं दुःख त्यांना ठाऊक आहे, ते चुकवणार नाहीत. जमलं तर त्यांना आणखी एक-दोन घरं द्या.

राहता राहिलं भोचकपणाचं. एखादं घर म्हणेलच, आम्हाला नको. मग 'बरं' म्हणायचं, कार्ड त्यांच्याकडे राहू द्यायचं आणि पुन्हा विचारायला जायचं नाही. नंबर त्यांच्याकडे आहे. कुणी हसलं तर हसू द्या. आणि समितीने फारच आग्रह केला, तर त्यांना किल्ल्यांची यादी करायला लावा, त्या कामाला बोलकी माणसंच लागतात.

– तुमची ताई